ढाल की धोटा

हेमराजच्या पोरीचं नाव नीथ ठेवलं
हे आम्हाला फोनवर कळलं,
रात्री साडेदहाला, कूलरच्या घरघरीत.
"नीट?" बाबा ओरडले, "नीट काय?"
"नीट नाही बाबा, नीथ. देवी आहे. मिसरची."
बाबांनी कूलर बंद केला, माझ्याकडे पाहिलं.
"पोट्टी झाली का परीक्षा व?"

तेव्हापासून ती आमच्याकडे नीटच.
नीट जेवली का.
नीट झोपली का.
ओहायोत बर्फ पडला म्हणे, नीट पडली तर नाही ना.

आठव्या वर्षी तिनं देवीचा फोटो पाठवला.
थडग्याच्या भिंतीवर एक बाई उभी,
अंगाचा रंग हळदीचा,
तोंड एकीकडे, डोळा मात्र आपल्याकडे.
बाबांनी बोटांनी फोटो ताणला, मोठा केला,
देवीवरून पुढं सरकून तिच्या कापडाशी थांबले.
"काठ नाही, पदर नाही.
पण सूत पाय कसं बारीक आहे. शंभराचं असन."

डोक्यावर एक खूण होती.
मी खालचं वाचून दाखवलं:
विद्वानांचं एकमत नाही.
कुणी म्हणतं ढाल, तिच्यावर आडवे दोन बाण,
कुणी म्हणतं विणकराचा धोटा.
लढाईची देवी होती. मागाचीही.
मेलेल्यांना गुंडाळायचं कापड तीच पुरवायची.

बाबांनी लुंगीनं चष्मा पुसला.
शेवटची आठ वर्षं त्यांनी मेडिकलसाठी
पट्टीचं कापड विणलं होतं, जाळीदार,
ज्यातून पलीकडची भिंत दिसायची.
"म्हणजे तिलेही," ते म्हणाले,
"लुगड्याचं काम मिळेना झालं."
मग पुन्हा खूण पाहिली.
"याच्यात भांड्याचं काय आहे? धोटा आहे."
"बाण म्हणतात बाबा."
"बाणा असन. आयकणाऱ्यानं चुकीचं आयकलं."

त्या नावाचा एक चंद्रही होता, हेमराज सांगत होता,
शुक्राचा.
किती वर्षं दुर्बिणीवाल्यांना अधूनमधून दिसायचा,
म्हणून बारसं केलं.
मग नीट पाहिलं तर चंद्रच नव्हता.
कुठल्याशा गेममध्येही ती आहे,
धनुष्य घेऊन उड्या मारते.
बाबा ऐकत होते की नव्हते, कोण जाणे.
आमच्या गल्लीला रिक्षावाले अजून मागवाली गल्ली म्हणतात.
मोबाईलच्या कव्हरांची तीन दुकानं आहेत,
एक पिठाची गिरणी,
माग एकही नाही.

दुसऱ्या दिवशी फळीवरून त्यांनी धोटा काढला.
शिसवीचा, दोन्ही टोकांना लोखंडी चोच,
मध्ये कांडीच्या जागी कोळ्याचं जाळं.
जाळं काढलं. खोबरेल लावलं.
सीताबर्डीच्या कुरिअरवाल्यानं तो हातात घेऊन
टोकावर अंगठा टेकवला.
"चाचा, ये हथियार है क्या?
नुकीला सामान बाहर नहीं जाता."

मला हसू आलं, मग आलं नाही.
मागे सात-आठ माणसं, पंखा नुसताच फिरणारा,
आणि बाबा काहीच बोलले नाहीत.
त्यांनी धोटा परत घेतला, काऊंटरवर ठेवला,
उजव्या हातानं सोडला, डाव्यानं धरला,
डाव्यानं सोडला.
खट्.
खट्.
रांगेतलं कुणी फोनवर बोलायचं थांबलं.
पोऱ्या म्हणाला, "अच्छा, अच्छा,"
आणि फॉर्मवर लिहिलं: लकडी का खिलौना.

ऑटोत बाबा गप्प.
गोळीबार चौकाशी सिग्नल लागला.
"खेळणं लिवलं त्यानं."
मी म्हटलं, परत जाऊ का, बदलून घेऊ.
बाबांचा उजवा हात मांडीवर होता,
अर्धा मिटलेला, धोट्याएवढी जागा सोडून.
"लिवू दे," ते म्हणाले,
"पोहोचलं पाहिजे नीट."